सुरीला घरच्या घरी दगडावर धार लावताना

सुरीची धार गेली आहे, हे बहुतेक घरांत आधी टोमॅटोवर कळते. पाते सालीवरून घसरते, म्हणून हाताचा जोर वाढतो, साल कापली जाण्याआधीच आतला गर दबून रस पाटावर येतो, आणि अशा जोरात निसटलेली सुरी शेवटी बोटावर येते. धारदार सुरीची भीती अनेकांना वाटते, पण माझ्या स्वयंपाकघरात बोट कापले ते जवळजवळ प्रत्येक वेळी बोथट सुरीनेच. ही धार घरी, पाण्यात भिजवलेल्या एका दगडावर, साधारण अर्ध्या तासात लावता येते. त्यासाठी ताकद लागत नाही. पाते सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच कोनात धरणे आणि पात्याच्या पलीकडच्या बाजूला ‘बर’, म्हणजे घासताना वळलेल्या पोलादाची खरखरीत कड, आल्याची बोटांना खात्री पटेपर्यंत बाजू न बदलणे, एवढ्या दोन गोष्टी सांभाळल्या की साध्या दगडावरही चांगली धार लागते, आणि त्या सांभाळल्या नाहीत तर महागडा दगडही उपयोगी पडत नाही.

सुरीचे पाते पाठीकडून धारेकडे निमुळते होत जाते आणि शेवटच्या एखाद्या मिलिमीटरवर त्याला दोन्ही बाजूंनी आणखी एक छोटा उतार दिलेला असतो. हे दोन उतार जिथे एकमेकांना भिडतात, ती रेघ म्हणजे धार. वापराने ही रेघ गोलसर होते किंवा एका अंगाला कलंडते. दिव्याखाली सुरी धार वर करून धरली, तर हे डोळ्यांनाही दिसते. शाबूत धारेवर उजेड टिकत नाही, कारण तो परतवायला तिथे पृष्ठभागच उरलेला नसतो. बोथट जागी मात्र बारीक पांढरी रेघ किंवा ठिपका चमकतो. काम सुरू करण्यापूर्वी ही चमक कुठे कुठे आहे, ते नीट पाहून ठेवावे, कारण दगडावर त्याच जागांना जास्त वेळ द्यावा लागतो.

दगडाचे काम एवढेच, की दोन्ही उतारांवरचे पोलाद थोडे थोडे खरवडून ते उतार पुन्हा एका रेघेत भिडवायचे. एका बाजूने घासता घासता उतार पलीकडच्या उतारापर्यंत पोहोचला, की शेवटचे अतिशय पातळ पोलाद तुटून न पडता पलीकडे वळते आणि तिथे केसासारखी एक खरखरीत कड तयार होते. कारखान्यात आणि आयटीआयच्या वर्गात तिला बर म्हणतात. ही बर म्हणजे त्या बाजूचे काम पुरे झाल्याचा पुरावा असतो. ‘प्रत्येक बाजूला वीस वेळा घासावे’ असे सांगणाऱ्या सूचना मला म्हणूनच पटत नाहीत. नव्यासारख्या सुरीला दहा वेळा घासूनही बर येते आणि वर्षभर दुर्लक्षित राहिलेल्या सुरीला शंभर वेळा घासूनही येत नाही, त्यामुळे मोजायची असेल तर बर मोजावी, फेऱ्या मोजू नयेत.

दगडाची निवड

पोलादापेक्षा कठीण कण असलेला दगडच पोलाद खरवडू शकतो. आपल्या ओट्यावरचा कडाप्पा गुळगुळीत आणि सपाट असल्यामुळे त्याच्या कडेवर सुरी घासण्याची सवय अनेक घरांत दिसते, पण कडाप्पा हा मुळात चुनखडक आहे आणि त्यातले खनिज पोलादापेक्षा बरेच मऊ असते. तिथे फार तर कलंडलेली धार थोडी सरळ होते, नवी धार लागत नाही. याउलट माझी आजी घाईच्या वेळी कप पालथा करून त्याच्या तळाच्या खरखरीत कड्यावर सुरी घासत असे, आणि तिची ही युक्ती शास्त्रालाही धरून होती. त्या कड्यावर चकाकीचा थर नसतो आणि भाजलेल्या मातीतले कण पोलाद खरवडण्याइतके कठीण असतात. पाहुणे दारात आलेले असताना हा उपाय जरूर करावा, मात्र रोजच्या सुरीसाठी दगडच घ्यावा.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा दगड कार्बोरंडमचा, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचा असतो. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन यांना १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत चिकणमाती आणि कोक तापवताना हा पदार्थ सापडला आणि तेव्हापासून धार लावण्यासाठी खाणीतल्या दगडावर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. साधारण आठ इंच लांब, दोन इंच रुंद आणि एक इंच जाड अशा या दगडाची एक बाजू भरड असते आणि दुसरी त्याहून बारीक. घरच्या सुरीला कामचलाऊ धार लावायला तो पुरतो, पण त्याची बारीक बाजूही तशी भरडच असते. थोडा जास्त खर्च करता येत असेल, तर जपानी पद्धतीचा पाण्याचा दगड घ्यावा. त्यावर नंबर छापलेला असतो आणि नंबर जितका मोठा तितका कण बारीक. ४०० च्या आतले दगड खपली उडालेल्या किंवा पार बोथट पात्यासाठी, ८०० ते २००० चे नेहमीच्या धारेसाठी आणि ३००० च्या पुढचे धार गुळगुळीत करण्यासाठी असतात. एकच दगड घ्यायचा झाला तर मी १००० नंबरचा सुचवेन. एका बाजूला १००० आणि दुसऱ्या बाजूला ६००० असा जोडदगड सहज मिळतो, पण आपल्या स्वयंपाकातल्या टोमॅटो, मिरची, कांद्यासाठी ६००० नंबरची अतिगुळगुळीत धार लागतेच असे नाही. १००० वरून उतरलेल्या धारेला सूक्ष्म दातरेपणा राहतो आणि तो टोमॅटोच्या सालीत चटकन रुततो.

सुरी निवडताना दोन प्रकार बाजूला ठेवावेत. करवतीसारखे बारीक दाते असलेल्या सुरीला सपाट दगडावर धार लावू नये, कारण त्यात दाते झिजून जातात आणि हाती काही लागत नाही. पांढऱ्या सिरॅमिकच्या सुरीला साधा दगड लागूच पडत नाही, तिच्यासाठी हिऱ्याच्या कणांचा दगड लागतो. बाकी स्टेनलेसची असो वा साध्या पोलादाची, कोणतीही सुरी चालेल.

मांडणी आणि कोन

पाणी शोषणारा दगड दहा-पंधरा मिनिटे पाण्यात बुडवून ठेवावा. सुरुवातीला त्यातून बारीक बुडबुडे निघतात, ते थांबले की दगड पाणी प्यायला असे समजावे. काही दगडांवर नुसते पाणी शिंपडायचे असते आणि ते बुडवून ठेवल्यास बिघडतात, त्यामुळे खोक्यावरची सूचना आधी वाचावी. कार्बोरंडमच्या नव्या दगडावरही पाणीच वापरावे. घरातले शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल दगडावर कधीही घालू नये. ते काही दिवसांत चिकट होऊन छिद्रांत बसते आणि दगडाचे कापणेच बंद होते. ओट्यावर ओला फडका घडी करून पसरावा आणि त्यावर दगड ठेवावा, म्हणजे तो सरकत नाही. शेजारी पाण्याची वाटी आणि एक कोरडा फडका असू द्यावा. ओट्याची उंची आपल्या कमरेच्या थोडी वर असली तर उभ्याने काम करणे सोपे जाते, नाहीतर पाटावर बसून दगड समोर ठेवणेही उत्तम.

आता कोन. युरोपीय धाटणीच्या आणि आपल्याकडच्या नेहमीच्या सुऱ्यांना प्रत्येक बाजूने सुमारे २० अंश आणि जपानी धाटणीच्या, अधिक कडक पोलादाच्या सुऱ्यांना सुमारे १५ अंश ठेवतात. अंश हाताला कळत नाहीत, म्हणून मी एक सोपा हिशेब वापरतो. पाते दगडावर आडवे ठेवून त्याची पाठ इतकी उचलावी, की दगडापासून पाठीची उंची पात्याच्या रुंदीच्या एक तृतीयांश होईल. तो कोन २० अंशांच्या अगदी जवळ जातो. रुंदीच्या पाव भागाइतकी उचलली, तर सुमारे १५ अंश होतात. पाते ४२ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ १४ मिलिमीटर उचलावी, आणि फळे सोलायची २१ मिलिमीटर रुंदीची छोटी सुरी असेल तर फक्त ७ मिलिमीटर. पहिल्या वेळी पट्टी लावून हे अंतर प्रत्यक्ष मोजावे, मनगटाला ते लक्षात राहते.

कोन बरोबर बसला की नाही, हे पाहण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे मार्कर पेन. धारेलगतच्या छोट्या उतारावर दोन्ही बाजूंना मार्करने रंग फासावा, दगडावर तीन-चार वेळा हलक्या हाताने घासावे आणि पाहावे. रंग संपूर्ण उतारावरून गेला असेल, तर कोन जुळला. फक्त वरच्या अंगाचा, पाठीकडचा रंग गेला आणि धारेलगतचा राहिला, तर पाठ फार खाली आहे, ती थोडी उचलावी. फक्त अगदी कडेचा रंग गेला, तर पाठ फार वर आहे. शिकताना पहिली दोन-तीन वेळा हा रंग लावण्याचा कंटाळा करू नये. धार लागत नाही म्हणून माझ्याकडे सुरी घेऊन आलेल्या जवळजवळ प्रत्येकाची अडचण हीच निघाली, की दगड धारेपर्यंत पोहोचतच नव्हता, आणि माणूस बिचारा तासभर धारेच्या मागचे पोलाद घासत बसला होता.

घासणे आणि बर

उजव्या हाताने मूठ धरावी, अंगठा पाठीवर किंवा पात्याच्या बुडाशी टेकवावा आणि डाव्या हाताची दोन-तीन बोटे पात्यावर, धारेपासून थोडी मागे, हलकी ठेवावीत. सुरी दगडावर थोडी तिरपी ठेवावी. मग पाते पुढे-मागे सरकवावे. ज्या हालचालीत पाठ पुढे आणि धार मागे असते त्या हालचालीत दाब थोडा वाढवावा आणि उलट येताना तो सोडावा. डावी बोटे जिथे टेकलेली असतात तिथेच दगड कापतो, म्हणून एका जागी सात-आठ वेळा घासून झाले की बोटे पुढच्या भागावर न्यावीत आणि असे मुठीकडून टोकापर्यंत जावे. टोकाजवळ पाते वळलेले असते. तिथे मुठीचा हात किंचित वर उचलत न्यावा, नाहीतर टोक तसेच बोथट राहते. दाब किती असावा हे पाहायचे असेल, तर घरातल्या वजनकाट्यावर बोटांनी दाबून पाहावे. सुरुवातीला एक किलोच्या आसपास आणि शेवटी शेवटी दोनशे ग्रॅमच्याही आत, एवढा दाब पुरतो.

थोड्या वेळाने दगडावर करडा गाळ साचू लागतो. पाण्याच्या दगडावर हा गाळ धुऊन टाकू नये, कारण त्यात दगडाचे सुटे झालेले कण असतात आणि तेही पोलाद कापत असतात. दगड कोरडा पडू लागला तर बोटांनी चार थेंब शिंपडावेत, तेवढे पुरेत. आवाजाकडेही लक्ष ठेवावे. कोन स्थिर असला की घासण्याचा आवाज एकसारखा, मऊ खरखरीचा येतो, आणि मनगट हलले की तो लगेच बदलतो.

आता बर तपासावी. सुरी पुसून घ्यावी आणि जी बाजू घासली नाही त्या बाजूवर अंगठा पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर निसटेल असा आडवा सरकवावा. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नये. बर आली असेल तर कडेला अंगठा किंचित अडकतो, नखाखाली वाळूचा कण यावा तशी जाणीव होते. अंगठ्याला कळत नसेल तर कापसाचा बोळा तसाच फिरवून पाहावा. बर असेल तिथे कापसाचे तंतू अडकून राहतात. ही बर मुठीपासून टोकापर्यंत अखंड लागली पाहिजे. मध्येच इंचभर ती लागत नसेल, तर तेवढ्याच भागावर पुन्हा घासावे. इथेच धीर सुटतो, आणि अर्धवट बर आलेली असताना बाजू बदलली, की ती जागा पुढे कितीही बारीक दगड वापरला तरी बोथटच राहते.

एक बाजू पुरी झाली की सुरी उलटून दुसऱ्या बाजूला तेच करावे. काहीजण सुरी डाव्या हातात घेतात, काहीजण उजव्याच हातात ठेवून धार आपल्याकडून पलीकडे फिरवतात. दोन्ही चालते, कोन तेवढा बदलता कामा नये. दुसऱ्या बाजूला बर लवकर येते, कारण निम्मे काम झालेले असते.

यानंतर बर काढणे, आणि नवशिक्यांच्या हातून हेच राहून जाते. बर धारेवर तशीच राहिली तर सुरी पहिल्या दिवशी भन्नाट कापते आणि दोन दिवसांत पुन्हा बोथट वाटते, कारण ती पातळ कड वळून धारेवर झोपते. बर काढण्यासाठी दाब अगदी कमी करावा, जवळजवळ सुरीच्या स्वतःच्या वजनाइतकाच, आणि एकेक फेरी आलटून पालटून दोन्ही बाजूंनी घ्यावी. या फेऱ्यांत धार पुढे ठेवून, दगडाचा अगदी पातळ पापुद्रा काढायचा आहे अशा रीतीने पाते मुठीपासून टोकापर्यंत एकाच ओढीत न्यावे. पाच-सहा फेऱ्या झाल्या की कापसाने पुन्हा तपासावे. मग जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या खरखरीत बाजूवर किंवा जाड जीन्सच्या कापडावर, या वेळी धार मागे ठेवून, प्रत्येक बाजू दहा-बारा वेळा ओढावी. चामडे नसेल तर दगडावर वर्तमानपत्राची घडी ठेवूनही हे काम होते.

धार पाहण्यासाठी वर्तमानपत्राचा कागद एका हातात उभा धरून सुरी वरून खाली ओढावी. ती न अडखळता उतरली पाहिजे. जिथे कागद फाटतो किंवा सुरी थांबते, त्या जागी चमकणारा ठिपका सापडेल, आणि तेवढाच भाग पुन्हा दगडावर घ्यावा. त्यानंतर टोमॅटो घ्यावा. सुरी सालीवर ठेवून दाब न देता नुसती मागे ओढली, की साल उघडली पाहिजे.

विळी आणि साण

विळीचे पाते पाटाला जोडलेले असते, त्यामुळे तिच्या बाबतीत पाते स्थिर ठेवून दगड फिरवावा लागतो. विळी उघडून पाते पक्के बसल्याची खात्री करावी, टोकाला खवणी असेल तर तिच्या दातांवर जाड कापड गुंडाळून दोऱ्याने बांधावे, आणि पाट पायाखाली दाबून समोर न बसता बाजूला बसावे. दगड छोटा, हाताच्या मुठीत मावणारा घ्यावा आणि बोटे त्याच्या पाठीमागे राहतील असा धरावा. घासताना दगड पात्याच्या पाठीकडून धारेकडे न्यावा आणि धारेवरून बाहेर सोडावा, धारेवर चाल करून कधीही नेऊ नये. पाते जिथे आत वळते तिथे सपाट दगड टेकत नाही, तिथे दगडाची गोलसर झालेली कड वापरावी. काही विळ्यांना उतार दोन्ही बाजूंना असतो, काहींना मुख्यतः एकाच. एकाच बाजूला असेल तर सगळे घासणे त्या बाजूला करावे आणि दुसऱ्या बाजूला दगड सपाट टेकवून फक्त बर काढावी. साध्या लोखंडी विळीला झटपट धार लागते, गोव्यातल्या आदोळीलाही, म्हणजे तिथल्या विळीलाही, हेच लागू आहे, पण कैरी, लिंबू किंवा कोकम चिरून ती तशीच ठेवली तर आंबटपणाने धार रातोरात खाल्ली जाते. चिरून झाले की धुऊन, कोरडी पुसून खोबरेल तेलाचे बोट फिरवावे.

सायकल स्टँडवर उभी करून साण फिरवणारा धारवाला अजून अनेक गल्ल्यांत येतो, आणि धारेची मोठी खपली उडाली असेल तर त्याच्याकडे जाण्यात काही चूक नाही. पाहावे एवढेच, की तो पाते मधून मधून पाण्यात बुडवतो का. कोरड्या फिरत्या चाकावर पातळ धार क्षणात तापते आणि तिचे पाणी उतरते, म्हणजे कडकपणा जातो. साधे पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास निळसर पडते, तोवर धारेचे नुकसान होऊन गेलेले असते. एकदा माझी आवडती सुरी धार लावून परत आली, ती कडेला निळी झाक घेऊनच. ती आठवडाभरही टिकेना, आणि तो निळा पट्टा भरड दगडावर पूर्ण झिजवून काढेपर्यंत माझे दोन रविवार गेले.

लावलेली धार टिकवायची, तर स्टीलच्या ताटात, काचेच्या पाटावर किंवा थेट ओट्यावर चिरणे बंद करावे. पाट लाकडाचा किंवा प्लास्टिकचा असावा. चिरलेला कांदा पाटावरून कढईत लोटताना सुरी उलटी करून पाठीने लोटावा. चार माणसांच्या घरात आठवड्याला एकदा चामड्यावर आणि दीड-दोन महिन्यांनी एकदा दगडावर, एवढे केले तर भरड दगडाची वेळ क्वचितच येते.

वापराने दगड मधोमध खोलगट होतो आणि मग कोन स्थिर ठेवणे अशक्य होते. म्हणून दगडावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात, सपाट काचेवर १२० किंवा २२० नंबरचा वॉटर पेपर पसरून त्यावर पाणी घालावे आणि दगड गोल गोल घासावा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट झाला. मग तो धुऊन, उभा ठेवून सावलीत दोन दिवस वाळू द्यावा, कारण उन्हात ठेवलेल्या ओल्या दगडाला चीर जाऊ शकते.